पहिली पटकथा: एकांकिकेच्या दारातून आलेल्यांसाठी

पुण्यात पटकथा लिहायला बसणारा माणूस बहुतेक वेळा दोनपैकी एका दारातून येतो. एक तर त्यानं कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडक स्पर्धेसाठी एकांकिका लिहिलेली असते, नाहीतर दिवाळी अंकांत त्याच्या दोन-चार कथा छापून आलेल्या असतात. दारं दोन्ही चांगली, पण येताना प्रत्येकाच्या खांद्यावर जुनं ओझं असतंच. एकांकिकावाल्याची माणसं एका खोलीत उभी राहून बोलत सुटतात. कथाकाराची माणसं खिडकीबाहेर बघत पानपानभर विचार करतात. मी पहिल्या दारातून आलो, त्यामुळे हा लेख त्या बाजूला कललेला आहे. कथाकारांनी आपल्यापुरतं बदलून घ्यावं.

माझी पहिली पटकथा १४३ पानांवर थांबली. संपली नाही, थांबली. तिची सुरुवात लक्ष्मी रस्त्यावरच्या विसर्जन मिरवणुकीनं होत होती. ढोल, गुलाल, मानाचे गणपती, आणि त्या गर्दीत नायक-नायिकेची नजरानजर. सहायक दिग्दर्शक म्हणून काम करणाऱ्या एका मित्राला वाचायला दिली. त्यानं पहिलं पान वाचलं, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "त्या दिवशी अलका चौकात ट्रायपॉड कुठे ठेवणार आहेस?" पुढची १४२ पानं त्यानं उघडली नाहीत. पुढे मी नऊ पानांची एक पटकथा लिहिली. ती मित्राच्या फ्लॅटमध्ये दोन दिवसांत शूट झाली. मला जे काही येतं, ते त्या नऊ पानांनी शिकवलेलं आहे.

आधी लांबी ठरवा

दहा-बारा मिनिटांची शॉर्ट फिल्म लिहा. पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणजे शंभर-सव्वाशे पानं आणि साठ-सत्तर प्रसंग. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून लिहिणाऱ्याचं त्यात वर्ष जातं, आणि चूक कुठे झाली हे वर्षाच्या शेवटी कळतं. बारा पानांत तीच चूक तिसऱ्या आठवड्यात कळते.

आणखी एक बंधन घालून घ्या: माणसं तीन-चार, जागा दोन किंवा तीन, आणि त्या जागा तुम्हाला खरोखर मिळू शकतील अशा. पाऊस, गर्दी, चालती गाडी, लहान मूल, कुत्रं यांतलं काहीही पहिल्या पटकथेत आलं की खर्च आणि वेळ वाढलाच म्हणून समजा. रस्त्यावर शूटिंग करायचं तर परवानग्या लागतात. ओळखीच्यांच्या घरात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये हो म्हणायला एक माणूस पुरतो.

गोष्ट एका वाक्यात

याला लॉगलाइन म्हणतात. त्यात तीन गोष्टी हव्यात: कोण, त्याला काय हवंय, आणि आडवं काय येतंय. "वार्धक्यातलं एकटेपण" ही लॉगलाइन नव्हे, तो परिसंवादाचा विषय झाला. एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत चालू:

"सोसायटीनं बंद वाहनं हलवायला रविवारपर्यंतची मुदत दिल्यावर बहात्तर वर्षांचे अण्णा बारा वर्षं पार्किंगमध्ये पडून असलेली आपली चेतक चालू करायला निघतात, पण गुडघा आणि मुलगा, दोघंही त्यांच्या विरोधात आहेत."

यातलं "हवंय" हे डोळ्यांना दिसणारं आहे. स्कूटर चालू होते किंवा होत नाही. अण्णांना स्वाभिमान हवा आहे, असं लिहिलं असतं तर कॅमेऱ्यानं नेमकं काय टिपायचं होतं? स्वाभिमान असू दे की, पण तो किकवर पाय ठेवून मागा. मुदतही बघा: रविवार. शॉर्ट फिल्मला अशी मुदत मिळाली की अर्धं काम होतं, कारण प्रेक्षकाला आपण कुठे चाललोय हे न सांगता समजतं.

वन-लाइनर

आपल्याकडे सेटवर वन-लाइनर म्हणजे सगळ्या प्रसंगांची यादी, प्रत्येक प्रसंग एका-दोन ओळींत. अप्पा बळवंत चौकातून कोऱ्या कार्डांचा एक गठ्ठा आणा, एका कार्डावर एक प्रसंग लिहा आणि जमिनीवर मांडा. मोबाइलवरही जमतं, पण जमिनीवर गुडघे टेकून बसल्यावर गोष्ट एका नजरेत दिसते, तशी पडद्यावर दिसत नाही. आपल्या गोष्टीची पहिली कार्डं अशी असतील:

१. सोसायटीचा फलक. चिटणीस नोटीस लावतात. अण्णा वाचतात, फक्त "बंद वाहने" या शब्दांवर बोट ठेवून थांबतात.
२. पार्किंग, पहाट. अण्णा कुणी बघत नाही असं बघून चेतकजवळ येतात. किक मारता येत नाही.
३. घर. मुलगा भंगारवाल्याशी फोनवर भाव ठरवतोय. अण्णा आले की विषय बदलतो.
४. गॅरेज. मेकॅनिक पोरगा पंचविशीचा. कार्ब्युरेटर उघडलेली स्कूटर त्यानं आयुष्यात पाहिलेली नाही.

अशी आठ-दहा कार्डं झाली की एक खेळ करा: कुठलीही दोन कार्डं अदलाबदल करून बघा. गोष्टीचं काहीच बिघडलं नाही, तर त्यांतलं एक कार्ड उपरं आहे. माझ्या १४३ पानांत मी हा खेळ फार उशिरा केला. मधली चाळीस पानं पत्त्यांसारखी पिसता येत होती.

शेवटचं कार्ड लवकर लिहा, वाटलं तर दुसऱ्याच दिवशी. कुठे उतरायचं ते ठरलेलं नसेल तर बस छान चालते, पण स्टॉप येत नाही.

एकच प्रसंग, दोनदा

आता खरं काम. कार्ड क्रमांक दोन मी आधी माझ्या जुन्या सवयीनं लिहितो:

मुलगा: अण्णा, किती दिवस ठेवणार ही स्कूटर? आई जाऊन बारा वर्षं झाली.
अण्णा: अरे, याच स्कूटरवरून तुझ्या आईला मी पहिल्यांदा सिंहगडावर नेलं होतं. शहाऐंशी साल होतं ते.
मुलगा: माहितीये मला. पण तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि आता तर सोसायटीची नोटीसही आलीये.

ही दोघंही एकमेकांना आधीच ठाऊक असलेली माहिती पुरवतायत. मुलाला आई कधी गेली ते माहीत आहे, अण्णांना स्वतःचा गुडघा माहीत आहे. हे सगळं आपल्यासाठी चाललंय. भरत नाट्य मंदिरात हे खपतं, कधी टाळीही पडते, कारण रंगमंचावर बहुधा स्कूटर नसते; म्हणून तिच्याबद्दल बोलावं लागतं. सिनेमात ती समोर उभी असते. हा एवढा फरक हाडात मुरायला मला चार वर्षं लागली.

आता तोच प्रसंग:

प्रसंग २. बाहेर. सोसायटीचं पार्किंग. पहाट.

निळी चेतक. मागचं चाक हवा जाऊन बसलेलं. सीटवर धूळ, धुळीत मांजराच्या पावलांचे ठसे.

अण्णा (७२), स्वेटर, कानटोपी. इकडेतिकडे बघतात. खिशातून रुमाल काढतात. आधी मागची सीट पुसतात. मग पुढची.

स्कूटर एका अंगाला कलती करतात, धरून ठेवतात, सरळ करतात. किकवर पाय ठेवतात. हात गुडघ्याकडे जातो. पाय हळूच काढून घेतात.

मागे वॉचमन उभा, हातात चहाचा कप.

वॉचमन
रविवारी भंगारवाला येतोय, काका. बंद गाड्या न्यायला.

अण्णा
नेऊ दे. ही उभी आहे.

सिंहगड गेला, शहाऐंशी साल गेलं, ऑपरेशन गेलं. "आई" हा शब्दसुद्धा गेला. पण रुमाल आधी मागच्या सीटवर फिरला, तेव्हा तिथे कोण बसायचं ते बघणाऱ्याला उमजतं, आणि स्वतःला उमजल्यामुळे ते त्याचं होतं. स्कूटर कलती करून मग किक मारणं ही गोष्ट चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक पुणेकराच्या अंगात आहे. ती दिसली की अण्णांचं वय आणि सवय दोन्ही सांगायला नकोत.

या अर्ध्या पानाचा उपयोग कुणाकुणाला होतो तेही बघा. कलादिग्दर्शनवाल्याला कळलं की चाकातली हवा काढायची आहे आणि धूळ टाकायची आहे. वेशभूषेला कानटोपी कळली. नटाला गुडघा मिळाला. पटकथा हे वाचकाला गुंगवण्यासाठी लिहिलेलं साहित्य नाही. दहा-वीस माणसांनी दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला लागावं म्हणून लिहिलेला कागद आहे. "अण्णांच्या मनात आठवणींचं काहूर माजतं" या वाक्यावर यांतल्या एकालाही काम करता येत नाही.

थोडे नियम याच प्रसंगातून काढता येतात. सगळं वर्तमानकाळात. दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच. क्लोजअप, झूम असले शब्द शक्यतो लिहू नका, दिग्दर्शक दुखावतात. त्याऐवजी ओळ तोडा. "आधी मागची सीट पुसतात" हे छोटं वाक्य वेगळं आलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात तो शॉट आपोआप जवळ येतो. आणि "पहाट" लिहिण्याआधी विचार करा. पहाटेचा तो उजेड जेमतेम अर्धा तास टिकतो. "सकाळ" चालत असेल तर सकाळ लिहा. मी इथे पहाट ठेवली, कारण अण्णांना कुणी बघायला नको होतं.

संवाद

मराठीत एक सोय आहे, ती वापरा: तू, तुम्ही, आपण. कोण कुणाला काय म्हणतं यावरून अर्धं नातं कळतं. एखाद्या प्रसंगात सून सासऱ्यांना "तुम्ही" म्हणत असताना एका वाक्यात "अण्णा, तू ना..." असं बोलून गेली, तर तेवढ्यात काहीतरी घडलेलं असतं. हे लिहिताना निसटू देऊ नका. मी अनेक नवशिक्यांच्या पटकथा वाचल्या आहेत, त्यांत एकच पात्र पान तीनवर अहो आणि पान पाचवर अरे म्हणतं, आणि लेखकाला पत्ताच नसतो.

कान तयार करायला पीएमपीची गर्दीची बस पुरते. स्वारगेटहून हडपसरला जाताना ऐकलेलं जसंच्या तसं उतरवू नका, पण माणसं किती अर्धवट बोलतात ते लक्षात घ्या. प्रश्नाला उत्तर क्वचितच मिळतं. "जेवलास का?" याचं उत्तर बरेचदा "किल्ली कुठे ठेवलीये?" असं असतं. बोलीचा लहेजा कानावर बसलेला नसेल तर स्पेलिंगची मोडतोड करून तो आणू नका. तो नट आणेल.

संवाद देवनागरीतच टाइप करा. रोमन लिपीत लिहिण्याची पद्धत आहे, पण त्यात बाळ आणि बाल, पण आणि पान सारखेच दिसायला लागतात आणि नट वाचताना अडखळतो.

कागदावरची मांडणी

यावर नवशिके गरजेपेक्षा जास्त वेळ घालवतात, म्हणून थोडक्यात. प्रसंगाचा क्रमांक, आत की बाहेर, जागा, वेळ, ही पहिली ओळ. जागा किंवा वेळ बदलली की नवा प्रसंग, मग ते स्वयंपाकघरातून बाल्कनीत जाणं का असेना. खाली कृती. पात्राचं नाव वेगळ्या ओळीवर, त्याखाली संवाद, दोन्ही थोडे आत सरकवून. पात्र पहिल्यांदा आलं की वय.

एक पान म्हणजे एक मिनिट, हे तुम्ही ऐकलं असेल. तो हिशोब इंग्रजीतल्या कुरियर या टाइपरायटरी अक्षरावर, बारा पॉइंटवर बेतलेला आहे. देवनागरी फॉन्ट बदलला की तो कोलमडतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि कृतीसकट मोठ्यानं वाचा. त्यातून मिळणारा आकडा जास्त खरा.

महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. गूगल डॉक्स पुरतं. फाउंटन नावाची साध्या मजकुरात पटकथा लिहिण्याची एक मोफत पद्धतही आहे, तिच्यात मराठी चालतं, फक्त एक खुबी लक्षात ठेवावी लागते. ती पात्राचं नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांवरून ओळखते, आणि आपल्या लिपीत कॅपिटल नाहीतच. म्हणून नावाआधी ॲट द रेटचं चिन्ह आणि प्रसंगाच्या ओळीआधी टिंब द्यायचं. हे माहीत नसल्यामुळे माझ्या पहिल्या फाइलमध्ये सगळे संवाद कृती म्हणून छापले गेले होते.

खर्डा, मग वाचन

पहिला खर्डा वाईटच होतो. तो मागे न वळता पूर्ण करा, रोज एक प्रसंग या गतीनं. काल लिहिलेलं आज वाचायचं नाही. मग आठवडाभर तो ड्रॉवरमध्ये, आणि तुम्ही वेताळ टेकडीवर.

त्यानंतर वाचन. इथे पुण्यात राहण्याचा खरा फायदा मिळतो. हौशी नट या शहरात पायलीला पन्नास सापडतात, आणि चहा-बिस्किटांवर येतात. चार जणांना पात्रं वाटा. कृतीच्या ओळी एकानं वाचायच्या, आणि तो एक म्हणजे तुम्ही नव्हे. तुम्ही कोपऱ्यात वही घेऊन बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. "इथे मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य तोंडाशी आलं की त्या ओळीवर फुली मारा. जे म्हणायचं होतं ते कागदावर नाही, याचा तो पुरावा.

नट कुठे अडखळतो, ऐकणारा मोबाइल कुठे काढतो, हशा चुकीच्या जागी कुठे येतो, एवढंच टिपा. नंतर "कसं वाटलं?" विचारू नका. पुण्यात त्याला "छान आहे" असं उत्तर मिळतं आणि त्याचा अर्थ काहीही होत नाही. ("बरं आहे" म्हणाले तर मात्र खूश व्हा.) त्याऐवजी विचारा: गोष्ट काय होती, सांग. माझ्या नऊ पानांच्या पटकथेची गोष्ट तिघांनी तीन वेगळ्या सांगितल्या होत्या. दुसरा खर्डा तिथून सुरू झाला.

दुसऱ्या खर्ड्यात प्रत्येक प्रसंगाची पहिली दोन आणि शेवटची दोन वाक्यं झाकून बघा. "ये, बस, चहा घेणार?" आणि "बरं, येतो मी" बहुतेक वेळा त्यातच जातात.

हक्कांबद्दल

"माझी आयडिया चोरतील" ही भीती सगळ्यांना असते. भारतीय कायद्यात कल्पनेवर हक्क नसतो, ती मांडलेल्या लिखाणावर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. म्हणून "एक म्हातारा आणि स्कूटर" एवढं चहाच्या टपरीवर सांगून येऊ नका, लिहून काढा. लिहिल्याक्षणी हक्क तुमचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण वाद झाला तर तारखेचा पुरावा म्हणून कामी येते. त्यासाठी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन पटकथा ऑनलाइन नोंदवता येते, किंवा थेट सरकारी कॉपीराइट कार्यालयात.

उलट बाजूही बघा. आवडत्या लेखकाच्या कथेवर पटकथा लिहीत असाल, तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतात, आणि ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. लेखक १९६५ साली गेले असतील तर २०२५ संपेपर्यंत. "सरावासाठी लिहिलंय" म्हणत शूटिंगपर्यंत पोहोचलेले आणि तिथे अडकलेले लोक मला माहीत आहेत.

शिकायला कुठे जायचं

लॉ कॉलेज रस्त्यावर. प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली, तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि जवळच १९६४ सालापासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचे अभ्यासक्रम आहेत, प्रवेश परीक्षा देऊन मिळतात. तेवढा वेळ नसेल तर फिल्म ॲप्रिसिएशनचा छोटा कोर्स बघा. संग्रहालयातले खेळ आणि ग्रंथालय यांचा फायदा तर घ्याच. चित्रपट पाहायचा, घरी येऊन त्याचा वन-लाइनर आठवून लिहायचा, हा सराव मी अजून करतो. पिफच्या, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, आठवड्यात रोज एक असा केला तर सात वन-लाइनर हातात येतात. पटकथालेखनाची पुस्तकं नंतर वाचा. आधी वाचली की प्रत्येक पानावर नियम मोडल्याची भीती वाटते.

पाठवताना

तिसऱ्या खर्ड्यानंतर पटकथा कुणातरी शूट करू पाहणाऱ्या माणसाला द्या. पीडीएफ करा, म्हणजे समोरच्याच्या मशीनवर जोडाक्षरं फुटणार नाहीत. पहिल्या पानावर शीर्षक, तुमचं नाव, फोन, खर्ड्याचा क्रमांक आणि तारीख. गणपती, सरस्वती, अर्पणपत्रिका नको. सोबत पाच ओळींचा सारांश, त्यात शेवटसुद्धा सांगायचा. "पुढे काय होतं ते पटकथेतच वाचा" असं लिहिलं की पुढे वाचत नाहीत. फाइलचं नाव "फायनल फायनल २" ठेवू नका. "उभी_खर्डा३" असं काहीतरी, कारण चौथा लागणारच आहे.